रानपिंगळा दिसला!

आज हे लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही. मेळघाटात सकाळी साडेआठच्या सुमारास रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मीळ छोटं घुबड, बघितलं, चांगली दहा-बारा मिनिटं, तेही लख्ख उन्हात.

सागाची पानं एवढी गळलीयेत की पाऊल टाकलं की चर्रर्र वाजतं, म्हणून थांबत थांबतच चाललो होतो आणि पुढे चालणाऱ्या गाईडदादांनी नुसता हात वर केला. समोर वाळक्या सागाच्या शेंड्यावर गोलमटोल पक्षी. आधी वाटलं साधा पिंगळा असेल, तो काय कुठेही दिसतो. मग दुर्बिणीतून डोकं बघितलं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके असतात, ह्याचं जवळपास कोरं, छाती गडद तपकिरी आणि खाली पोट पांढरंशुभ्र, पायांवरसुद्धा पांढरी पिसं. मी हळूच विचारलं, "दादा, तोच ना?" "तोच."

शेपटी डावीकडे-उजवीकडे झटके देत होती, नजर खाली पाचोळ्यात, आणि एकदम झेपावला, वर आला तेव्हा पंज्यात सरडा! शेपटी अजून वळवळत होती त्याची.

१८८४ नंतर ह्या पक्ष्याची एकही खरी नोंद नव्हती. मधे एका ब्रिटिश कर्नलने १९१४ चा म्हणून एक नमुना (मारून जतन केलेला पक्षी) दाखवला होता, तो जुन्याच नमुन्यांमधला चोरलेला निघाला. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग वगैरे पक्षीतज्ज्ञ मंडळींना तो आपल्या शहाद्याजवळ सापडला. ११३ वर्षं लोक संपला म्हणून बसलेले आणि हा असा दिवसाढवळ्या शेंड्यावर बसणारा पक्षी! मला तर हे आठवूनच भरून आलं.

नेमकी जागा इथे लिहीत नाहीये, फोटोवरचं लोकेशनपण काढून टाकलंय. ढोली असलेली जुनी झाडं तुटतायत तेवढं पुरे आहे, त्यात आपली गर्दी नको. ग्रुपमधल्या एकाने त्याला जवळ बोलवायला मोबाईलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बघू म्हटलं तर दादा सरळ नाही म्हणाले, फार बरं वाटलं मला.

निघालो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, दोनदा. दादा थांबले, आम्हीपण. जरा वेळाने नाल्याच्या पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. म्हणजे दोघं आहेत.