न्यू जर्सीच्या शाळांतील हवामानबदलाचे शिक्षण

न्यू जर्सीच्या राज्य शिक्षण मंडळाने जून २०२० मध्ये हवामानबदलाचा शालेय अभ्यासक्रमाच्या निकषांत समावेश केला आणि सप्टेंबर २०२२ पासून बालवर्गापासून बारावीपर्यंत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. असे करणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य. येथे राहणारी एक पालक म्हणून मला यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की हवामानबदलाला वेगळा तास आणि वेगळे पुस्तक न देता तो विज्ञान, सामाजिक शास्त्रे, तंत्रज्ञान, कला, परकीय भाषा, शारीरिक शिक्षण आदी सात विषयांच्या शिक्षकांकडे सोपवला गेला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले होते. परंतु वेगळ्या विषयाची वही बहुधा परीक्षेपुरतीच उघडली जाते, हे आपण सारे जाणतो.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी येथे समुद्रपातळीच्या नोंदी १९११ पासून ठेवल्या जात आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. माझ्या मुलीच्या शिक्षिकेने वर्गाला याच नोंदींवरून आलेख काढायला दिला. ठिपके वर्षागणिक खालीवर होत असल्यामुळे काही मुलांनी ‘पातळी घटली आहे’ असे ठामपणे सांगितले, तेव्हा त्यांना न खोडता बाईंनी सर्व ठिपक्यांचा कल दाखवणारी एकच रेघ काढायला लावली. शतकभरात सुमारे दीड फूट वाढ! ती जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक का, यावर पुढचा संपूर्ण तास गेला: हिमयुगात उत्तरेकडील बर्फाच्या ओझ्यामुळे कडेचा हा भूभाग वर उचलला गेला होता, ते ओझे उतरल्यापासून तो आजही हळूहळू खाली जात आहे, त्यात भूजलाच्या उपशाने किनाऱ्याची जमीन दबते, आणि त्याच वेळी समुद्र चढत असतो. २०१२ च्या सँडी वादळात पाणी एवढे आत का शिरले, हे कोणी वेगळे समजावण्याची मग गरज उरली नाही.

क्रीडाशिक्षकांचा धडा साधा होता. हवा दमट असली की घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. म्हणून मैदानी सराव ठरवताना केवळ तापमान पाहून भागत नाही.

मुलांना घाबरवू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र बातम्यांतून भीती त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचलेली असते. कारणे आणि उपाय यांची शिस्तबद्ध ओळख करून देणारा प्रौढ माणूस बहुतेकांना वर्गातच भेटतो.

त्या माणसाच्या तयारीचे काय, ही माझी खरी काळजी आहे. राज्याने अनुदान दिले, नमुना पाठही उपलब्ध केले. तरी चित्रकलेच्या किंवा भाषेच्या शिक्षकाने हे विज्ञान आपल्या प्रशिक्षणात क्वचितच शिकलेले असते, आणि नवे पाठ रचण्याचे काम त्याच्या घरच्या वेळेवर येऊन पडते. त्यामुळे एका शाळेत आलेख काढले जातात, तर दुसरीत एखादी चित्रफीत दाखवून विषय संपतो. या तयारीसाठी शिक्षकांना शाळेच्याच वेळेत राखीव तास मिळावेत, अशी लेखी मागणी आम्ही काही पालकांनी स्थानिक शालेय मंडळाकडे केली आहे.