पानिपतचा पट, नोंद 6 : गोल नेमका कुठे फुटतो

हा पानिपतच्या लढाईचा, षटकोनी घरांच्या पटावरचा खेळ. माप तेच: एक षटकोन 250 मीटर, एक फेरी अर्ध्या तासाची. पहिली फेरी 14 जानेवारी 1761 च्या सकाळी 9 ला सुरू, चौदावी दुपारी साडेतीनला. या खेपेस काम फक्त मराठ्यांच्या गोलावर, म्हणजे भोवती सैन्याचे कडे करून सरकण्याच्या रचनेवर.

जुन्या नियमात कुठलीही सोंगटी गोलाची कड धरू शकत होती. त्यामुळे गोल फुटायचाच नाही. बुणगे (फौजेबरोबरची न लढणारी माणसे) मधे घालून भाऊ खुशाल यमुनेकडे सरकत. घरे मोजल्यावर चूक सापडली. तीन घरे त्रिज्येच्या कड्याला 18 घरे लागतात आणि इब्राहिमखान गारद्याच्या पायदळ पलटणी आहेत 9. म्हणजे निम्मीच कड उभ्याने गोळी झाडू शकते, उरलेली घोडदळाची. घोडदळ जागेवर थांबले की नुसते लक्ष्य होते, आणि हल्ला करायचा तर कड सोडावी लागते. नेपोलियनने 1798 मध्ये पिरॅमिडांच्या लढाईत केलेले चौकोन टिकले, कारण चारही बाजूंना पायदळ, कोपऱ्यांवर तोफा आणि घोडदळ आत होते. आपल्याकडे पायदळच पुरेसे नाही, तिथे आत-बाहेरचा प्रश्नच मिटला.

म्हणून नवा 'सांधा' नियम. पलटणीला लागून असलेली घोडदळाची सोंगटी पुढे गेली, की त्या पलटणीचा बचाव 2 ने घटतो. घोडदळ तिच्या माऱ्याच्या रेषेत आले तर त्या फेरीत मारा बंद. मार खाऊन परतणारे घोडदळ पलटणीच्या घरातून गेले, तर पलटण एक फेरी विस्कळीत.

अडचण अशी, की प्रत्यक्षात विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडदळ कड सोडून पुढे गेले होते, आणि इतिहास वाचलेला खेळाडू त्यांना हलवतच नाही. त्यावर फासा: समोरचा रोहिला मागे हटला की प्रत्येक फेरीत टाकायचा. 1 किंवा 2 पडल्यास पथक आपणहून सुटते, असे आधी ठेवले होते. सहा वेळा फासा टाकल्यावर एकदा तरी सुटण्याची शक्यता त्यात 91 टक्के येते, म्हणजे खेळाडूच्या हाती काहीच उरत नाही. आता फक्त 1 वर. शक्यता 67 टक्के.

गारद्यांची आघाडी मात्र जमली. लढाई पाहिलेल्या काशीराजाच्या वृत्तांताप्रमाणे 2 पलटणी बगलेला वळवून 7 संगिनींनी पुढे घातल्या, की सातव्या फेरीपर्यंत (दुपारी 12) रोहिले मोडकळीला येतात, पण पाच-सहा पलटणीही संपतात. त्याच वृत्तांतात दुपारपर्यंत सहा पलटणी जवळजवळ नष्ट झाल्याचे आहे, त्यामुळे हे आकडे आता हलवायचे नाहीत.

तोफांत एकच बदल. मराठ्यांच्या जड तोफांचा पल्ला 4 घरे, पण लगतच्या घरावर मारा शून्य, कारण जवळ आलेल्या शत्रूच्या डोक्यावरून गोळे जात. अफगाण जंबुरक्यांचा (हलक्या तोफांचा) पल्ला 2, पण उंटावर असल्याने सरकून त्याच फेरीत मारा करता येतो. कागदावर दुबळी दिसणारी ही सोंगटी दुपारनंतर सगळ्यात महाग पडते.

अब्दालीची राखीव फौज आठव्या फेरीआधी सोडता येत नाही. पळालेल्यांना परत रेटणाऱ्या नसकचींसाठी फाशावर 4 किंवा जास्त पडावे लागते.

बुणग्यांचे नियम अजून कच्चे आहेत. त्यांच्या 3 सोंगट्या मधली घरे अडवतात, त्यामुळे हुजुरातीला (भाऊंच्या खास फौजेला) मागे हटताना वाट मिळत नाही, तेवढे बरोबर. पण चतुर खेळाडू त्यांचीच भिंत करून उजवी बगल झाकतो, आणि ते बंद करायला हवे. पुढच्या चाचणीत बुणग्यांशेजारी शत्रू आला, की त्या लगोलग दोन घरे आत सरकतील आणि वाटेतली प्रत्येक मराठा सोंगटी विस्कळीत करतील.