तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोवरून जुन्या गुलाबाचं नाव का सांगत नाही?

"फोटो पाठवलाय. हा जुना गुलाब कोणता, आणि याचे आई-बाप कोण?" हे मला इतक्यांनी विचारलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते. (जुना म्हणजे 1867 च्या आधीच्या घराण्यांतला, आई-बाप म्हणजे ज्या दोन गुलाबांच्या संकरातून तो आला ते.)

फोटोत असतं फक्त फूल, तेही पूर्ण उमललेलं, वरून टिपलेलं. ओळख पटवायला सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट हीच. रंग उन्हाने बदलतो, पाकळ्या हवामानाप्रमाणे कमी-जास्त होतात. मला कळी हवी, फुलाची पाठ हवी, काटे हवेत, पान देठाला जिथे चिकटतं तो भाग हवा. आणि बहर वर्षातून एकदाच येतो की पुन्हा पुन्हा, हे तर हवंच.

फूल उलटं करून बघा. जुन्या गुलाबांची काही घराणी अशी ओळखतात: दमास्क असेल तर निदलं (कळीला झाकणारी हिरवी पानं) लांबच लांब, देठ बारीक आणि फांदीवर आकडेदार काटे. गॅलिकाची कळी ताठ उभी, पान खरखरीत, आणि मोठ्या काट्यांपेक्षा बारीक टोचऱ्या केसांचीच गर्दी जास्त. अल्बाच्या पानांवर निळसर राखी झाक असते. मॉस गुलाबाची कळी चोळली तर बोटं चिकट होतात आणि राळेसारखा वास येतो. चायना वर्गातले गुलाब त्यांच्या गुळगुळीत फांद्या आणि चकचकीत पानांवरून लांबूनच कळतात.

कस्तुरी गुलाबाची, म्हणजे रोझा मोस्चाटाची, गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. त्या नावाने बरीच वर्षं रोझा ब्रुनोनी ही दुसरीच जात खपत होती. फुलं दोघांची पांढरी, झुपक्यातली, सुगंधी. पण ब्रुनोनी झाडांवर उंच चढतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतो. अस्सल मोस्चाटा बेताच्या उंचीचा आणि उन्हाळा सरताना फुलणारा. इंग्लिश गुलाबतज्ज्ञ ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांना तो 1963 मध्ये इंग्लंडातल्या मिडल्टन हाउसच्या बागेत सापडला. नुसतं फूल बघणाऱ्यांना दोघांतला फरक कळलाच नसता.

आता आई-बाप. जुन्या याद्यांमध्ये 'अमुक गुणिले तमुक' (म्हणजे या दोघांचा संकर) असं ठणकावून लिहिलेलं असतं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. एकोणिसाव्या शतकातले बरेच रोपवाटिकावाले आपोआप धरलेली फळं तोडून बी पेरायचे. आई कोण ते कळायचं, बाप मात्र मधमाशीलाच ठाऊक. ठरवून परागण करून दोन्ही बाजू नोंदवलेले इंग्लंडातल्या हेन्री बेनेट यांचे 'पेडिग्री' गुलाब बाजारात आले ते 1879 मध्ये. जुने आणि आधुनिक गुलाब यांच्यातली सीमारेषा फ्रेंच रोपवाटिकावाले गियो यांच्या 1867 सालच्या 'ला फ्रान्स' या गुलाबावरून मानतात, आणि त्या 'ला फ्रान्स'चं पितृत्वसुद्धा अंदाजपंचेच!

काही घराण्यांचा हिशेब गुणसूत्रं मोजून लागतो, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. अल्बा हा कॅनिना आणि गॅलिका किंवा दमास्क यांचा संकर मानतात; प्रश्न असा, की त्यात आई कोण? जंगली रोझा कॅनिनामध्ये बहुधा 35 गुणसूत्रं असतात, पण त्यांची वाटणी विचित्र: बीजांडात 28 जातात, परागात फक्त 7. गॅलिका किंवा दमास्कमध्ये 28, म्हणजे त्यांच्या परागात किंवा बीजांडात निम्मी, 14. कॅनिना आई धरली तर 28 अधिक 14, म्हणजे 42. तोच बाप असता तर 21 भरली असती. अल्बामध्ये मोजली तर 42 भरतात. म्हणून आईच्या जागी कॅनिना.

डीएनए तपासणीने आणखी धक्के दिले. उन्हाळी दमास्क गॅलिका आणि रोझा फिनिसिया या जंगली जातीचा, तर शरदातला दमास्क गॅलिका आणि मोस्चाटाचा, असं पुस्तकांत लिहिलेलं असायचं. 2000 मध्ये जपानी संशोधकांनी चार जुने दमास्क तपासले, तर चौघांचे पूर्वज तेच तिघे निघाले: मोस्चाटा, गॅलिका आणि मध्य आशियातला रोझा फेडचेन्कोआना. फिनिसिया कुठेच नाही.

मग "सरळ डीएनएच करून टाकू" असंही कुणी म्हणतं. पण त्यानेही भागत नाही. पट्टेरी 'रोझा मुंडी' हा 'अपोथेकरीज रोझ' या गॅलिका गुलाबाच्या एका फांदीत बदल होऊन आलेला. नेहमीच्या डीएनए चाचणीत दोघे सारखेच दिसतात, डोळ्यांना मात्र शेंबडं पोरही फरक दाखवेल. शिवाय ताडून बघायला खात्रीच्या नावाचं झाड लागतं, आणि बागांमधल्या पाट्या किती वेळा अदलाबदल झाल्यात हे न बोललेलंच बरं.

तेव्हा फोटो पाठवण्याआधी एक करा: फांदी जमिनीतून कुठून निघतेय ते बघा. बऱ्याचदा डोळा भरून केलेलं कलम केव्हाच मेलेलं असतं आणि आपण कौतुक करत असतो ते खालून फुटलेल्या खुंटाचं, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम केलं होतं त्याचं. खुंट नसेल, तर वर सांगितलेले सगळे भाग टिपून बहराच्या महिन्यासकट पाठवा. तोवर बर्म्युडा बेटावरच्या लोकांची पद्धत बरी. नाव हरवलेल्या गुलाबांना ते 'मिस्टरी रोझ' म्हणतात आणि सापडल्या जागेचं किंवा माणसाचं नाव देऊन जपतात. 'स्मिथ्स पॅरिश' हा त्यातलाच. तुमच्या गुलाबालाही असंच एखादं नाव द्या, फक्त अवतरणचिन्हांत लिहा, म्हणजे ते तात्पुरतं आहे हे पुढच्याला कळेल.