तुम्ही विचारलंत म्हणून: विषाणू दिसतो का?

घरचे विचारतात, पॅथॉलॉजीतले सहकारी तर दर बैठकीत विचारतात. मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्याला रेणूंचं वजन मोजून चित्र काढण्याच्या माझ्या पद्धतीने, फुप्फुसाच्या सेक्शनमध्ये (पातळ कापात) कोविडचा विषाणू दिसतो का? नसेल, तर सरळ त्याच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने रंगवत का नाही?

नाही दिसत. माझ्या चित्राचा एक ठिपका 50 मायक्रोमीटरचा, विषाणू 100 नॅनोमीटरच्या आसपास. ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडलेल्या त्याच्या प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखायचे, एवढंच हातात असतं.

मी शोधत होते 1126.56. न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या प्रथिनाच्या एका पेप्टाइडचं, म्हणजे तुकड्याचं, हे एम बाय झेड (वजन भागिले विद्युतभार). एका संध्याकाळी पडद्यावर वायुकोशांच्या भिंती त्याच आकड्याला पिवळ्या उजळल्या. मी उभ्याउभ्याच सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी बैठकीत चित्र लावलं. मागून एका मॅडमनी विचारलं, "कंट्रोल कुठाय?" कंट्रोल, म्हणजे विषाणू नसलेल्या फुप्फुसाचा सेक्शन, चालवलाच नव्हता. स्लाइडवर त्याची जागा होती, ती मी आणखी एका रुग्णाच्या सेक्शनला दिली होती. आठवड्याने 2018 सालच्या ब्लॉकचा (मेणात जपलेल्या ऊतीचा) सेक्शन घेतला. कोविडच्या आधीचं फुप्फुस. तेही उजळलं, त्याच भिंतींवर, तितकंच. मग त्या वजनाचा आयन (भारित रेणू) यंत्रात फोडून त्याचे तुकडे पाहिले. पेप्टाइडच्या अमिनो आम्लांच्या क्रमाशी काहीच जुळेना. सरांना पुन्हा फोन करायला हवा होता. मी ईमेल केला.

पण फुप्फुस हे रक्ताने आणि कोलॅजेनने भरलेलं असतं, हेही ऐका. 1274.73 आणि 1314.66 ला हिमोग्लोबिनचे तुकडे एवढे बोंबलतात की थोडक्या प्रथिनाचा आवाजच दबतो. तेव्हा मी म्हणायचे, यंत्राची अचूकता वाढली की प्रश्न सुटेल. आज त्या वेळच्या मला सांगेन, अचूकतेने शेजारचं वजन वेगळं काढता येईल, पण मुळात कमी असलेलं प्रथिन वाढणार नाही.

आता अँटिबॉडीलाच वजनाची खूण बांधतात. प्रकाशाने ती सुटते आणि यंत्र तीच मोजतं. सिग्नल छान येतो. "मग झालंच की," म्हणतात. कसं झालं? मोजली ती खूण, प्रथिन नव्हे. अँटिबॉडी भलतीकडे चिकटली असेल तर? शिवाय काय शोधायचं ते आधीच ठरवून बसावं लागतं, आणि मला तर न ठरवलेलंही बघायचंय. हा हट्ट असेलही.

आता प्रत्येक स्लाइडवर पहिला सेक्शन 2018 च्या ब्लॉकचा. मंगळवारी 1128.56 ला काहीतरी उजळलंय, न्यूक्लिओकॅप्सिडच्याच दुसऱ्या पेप्टाइडच्या जागी. कंट्रोलमध्ये नाही. पण फोडून बघण्याइतका सिग्नल नाही. अजून कुणाला फोन केलेला नाही.