'सोन'चा 'स्ना' कसा होतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रशियनमध्ये झोपेला 'सोन' म्हणतात, मग 'झोपेचा' म्हणताना 'स्ना' का? मधला ओ जातो कुठे?

रशियन, चेक, पोलिश वगैरे भाषांची पूर्वज असलेल्या जुन्या स्लाव्हिक बोलीत दोन अतिऱ्हस्व स्वर होते, एक इ-कडे झुकणारा, दुसरा उ-कडे. त्यांना 'येर' म्हणतात. संस्कृत 'विधवा'तली इ आणि 'मधु'तला उ हे त्यांचे भाऊबंद: तिकडे 'विदोवा' आणि 'मेदु'. (येर दाखवायला इथे साधे इ-उ वापरतो.) साधारण दहाव्या ते बाराव्या शतकांत हे स्वर मोडले, पण शिस्तीने. ती शिस्त अंतोनीन हावलीक या चेक अभ्यासकाने 1889 मध्ये मांडली.

मोजणी शेवटाकडून करायची. शेवटचा येर दुर्बळ, त्याआधीचा सबळ, त्याआधीचा पुन्हा दुर्बळ. पूर्ण स्वर (येर सोडून दुसरा कोणताही) भेटला की मोजणी नव्याने सुरू. दुर्बळ गळतो, सबळ भरतो, म्हणजे पूर्ण स्वर होतो. 'सुनु'तला शेवटचा उ गळला, आधीचा भरला: सोन. 'सुना'त आ पूर्ण स्वर, म्हणून त्याआधीचा उ दुर्बळ: स्ना. आपण 'कापड' म्हणतो, पण 'कापडाचा'मध्ये प-नंतरचा अ गळतोच की! चेक आणि पोलिशमध्ये सबळ येराचा ए झाला, म्हणून 'सेन'. सर्बियनमध्ये आ, म्हणून 'सान'.

खरी परीक्षा चांभाराच्या शब्दात, 'शिवित्सि'. तीन येर! चेकमध्ये प्रथमा 'श्वेत्स', षष्ठी 'शेव्त्से': स्वर जागा बदलतो. रशियनने मात्र प्रथमेचंच रूप पुढे ओढून 'श्वेत्सा' केलं. नियमाला असा सादृश्याचा, म्हणजे एका रूपाच्या नमुन्यावर दुसरं घडवण्याचा, धक्का सतत बसतो.

शिकणारे अडकतात ते दोन ठिकाणी. प्रत्येक ओ गळत नाही: 'दोम' (घर) मधला मूळचाच ओ आहे, म्हणून षष्ठी 'दोमा'. आणि प्रत्येक गळणारा स्वर येराचा नसतो. 'अगोन्य' (आग) हा आपल्या 'अग्नी'चा सगोत्र. तिथे ग-न मध्ये येर कधीच नव्हता. शेवटचा येर गेल्यावर जोडाक्षर उच्चारायला जड झालं, म्हणून स्वर घुसला.

येर गेले तरी अक्षरं राहिली. रशियनमध्ये इ-येराचं अक्षर आज मुख्यतः व्यंजन मऊ (य-कडे झुकणारं) असल्याचं सांगतं. उ-येराचं अक्षर शब्दाअंती निरर्थक लिहिलं जाई, ते 1918 च्या सुधारणेत गेलं. आता ते शब्दाच्या आत, उपसर्ग वेगळा ठेवायला उरलंय. बल्गेरियननेही शब्दाअंतीचं मुकं अक्षर 1945 मध्ये काढलं, पण झोपेच्या शब्दात तेच अक्षर आजही खरा स्वर म्हणून उच्चारलं जातं.