तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत महिला केंद्र कशाला?

पुण्याला आले की आत्या विचारते, इथल्या मंडळात पॉटलकच्या रांगेतले काका विचारतात: "अमेरिकेत बायकांना काय कमी आहे? विद्यापीठात त्यांच्यासाठी वेगळं सेंटर कशाला? तिथे म्हणे पुरुषांना मज्जाव! बंद झालं तर बिघडलं काय?" मी टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या सेंटरमध्ये नोकरीला होते, म्हणून हा प्रश्न हमखास माझ्याच वाट्याला. दरवेळी टाळत आले. आता लिहूनच टाकते.

आधी तुमच्या बाजूचं. आमचं सेंटर बऱ्याचदा रिकामंच असायचं. मार्चमध्ये भाषणं, स्टिकर, कपकेक. एरवी मुली फुकटच्या कॉफीला आणि प्रिंटरला यायच्या. मी स्वतः इथे एम.एस. करताना सेंटरची पायरी चढले नव्हते. ही गोऱ्या मुलींची हौस, असं माझं मत होतं. ते साफ चूक होतं, असं आजही म्हणवत नाही.

पण पुरुषांना मज्जाव होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? नव्हता. काही विद्यापीठांत निव्वळ बायकांसाठीच्या जागाही होत्या म्हणा. शिक्षणसंस्थांमध्ये बाई-पुरुष भेदभावाला बंदी करणारा टायटल नाइन कायदा १९७२चा. त्याच्याच आधारे तक्रार झाली आणि २०१६ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाने बायकांची जुनी लाउंज सगळ्यांना खुली केली. त्या तक्रारीला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

माझ्याकडे आहे ती एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा पीएचडीला, ही एफ-टू व्हिसावर. म्हणजे नोकरी करायची नाही, पूर्णवेळ पदवी घ्यायची नाही, आणि लग्न मोडलं की इथे राहण्याचा हक्कही गेला. आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा सराव चालायचा, त्याला ती यायची. एकदा सगळ्या गेल्यावर खुर्च्या आवरायला थांबली. म्हणाली, "ताई, पासपोर्ट त्यांच्या कपाटात असतो, किल्ली पण त्यांच्याकडे. इथे काही सांगितलं तर त्यांच्या गाइडला कळतं का?"

पोलिसांचं नाव तिने काढलंच नाही. तिचा हिशेब पक्का होता: गाइडला कळलं तर स्टायपेंड जाईल, मग दोघांनाही परत जावं लागेल, आणि गावात तोंड दाखवायचं ते हिनेच. मी तिला होतं ते सगळं सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता तर छळ सोसणाऱ्या बायकोला इथे राहण्यासाठी स्वतंत्र अर्ज करता आला असता. इथे तो मार्ग बंद. पोलिसात गेलीस तर गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा यू व्हिसा मिळू शकतो, पण ते वर्षाला १०,०००च देतात आणि रांग अनेक वर्षांची. तिने कागद घडी करून डब्याच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. माझा नंबर फोनमध्ये 'टिफिनवाल्या काकू' म्हणून घातला.

१ जानेवारी २०२४ला टेक्सासचा एसबी १७ लागू झाला, म्हणजे सरकारी विद्यापीठांतल्या विविधता-समावेशाच्या (डीईआय) ऑफिसांना बंदी घालणारा कायदा. महिला केंद्रं बंद करा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण ऑस्टिनच्या विद्यापीठाने जेंडर अँड सेक्शुअ‍ॅलिटी सेंटरचं विमेन्स कम्युनिटी सेंटर केलं आणि काही महिन्यांतच तेही गुंडाळलं. आमचीही पाटी उतरली. ईमेल आली की सेवा बंद नाहीत, दुसऱ्या ऑफिसात हलवल्यात.

त्या ऑफिसात काउंटरवर टॅबलेट आहे. पहिला रकाना: स्टुडंट आयडी. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तिथूनच तिचा फोन आला. कुजबुजत होती. "ताई, आयडी मागतायत. माझा नाही ना. त्यांचा टाकू का?"

"नको," मी म्हणाले. "बाहेर पड आधी." शहरातल्या शेल्टरचा नंबर दिला. त्यानंतर तिचा फोन नाही, आणि मी तरी कुठल्या तोंडाने करणार? फोन नवऱ्याच्या हातात असला तर?

आता तुम्ही म्हणाल, सेंटर चालू असतं तर ती सुटली असती का? ते चालू होतं तेव्हाही ती संध्याकाळी घरीच जायची. तिथे माझी बोलती बंद होते. पण म्हणून काकांचं "बिघडलं काय" मला पटत नाही. वेगळं महिला केंद्रच हवं, असाही माझा हट्ट नाही. त्या टॅबलेटवरचा पहिला रकाना काढा, मी भांडायची थांबते. तशी चिठ्ठी वर दिली आहे. 'विचाराधीन' म्हणतात.