तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं हुबेहूब कसं जमतं?

मी बनवलेल्या इमारतीच्या मॉडेलशेजारी उभी असले की हा प्रश्न येतोच. माणसं काचेपाशी वाकतात, बाल्कनीतल्या खुर्च्या मोजतात आणि विचारतात, "ताई, एवढं हुबेहूब कसं जमतं? सगळं त्याच प्रमाणात लहान करत जायचं, एवढंच ना?" गर्दीत मी "हो, साधारण तसंच" म्हणते. ते उत्तर खरं नाही, आणि इतक्या आपुलकीने विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळायला हवं.

मॉडेल हुबेहूब नसतं. सगळं त्याच प्रमाणात लहान करायचं ठरवलं तर ते बनणारच नाही.

१:२०० हे स्केल घ्या, म्हणजे सगळं दोनशे पटीने लहान. टॉवरसाठी आम्ही बहुतेक वेळा तेच घेतो. तीन मीटरचा मजला १५ मिलिमीटरचा होतो, इथवर ठीक. पण १५० मिलिमीटरची भिंत पाऊण मिलिमीटरची होते आणि असा टॉवर बोट लागलं तरी वाकेल. म्हणून आम्ही २ मिलिमीटरचं ॲक्रिलिक वापरतो. त्या स्केलला ती भिंत ४० सेंटिमीटरची झाली, जुन्या वाड्याला शोभेल अशी. खिडकीला अर्ध्या मिलिमीटरची पारदर्शक शीट लावली, तर ती काच १० सेंटिमीटर जाड ठरते. बघणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, कारण खिडकी जिथे हवी तिथेच असते आणि जेवढी रुंद हवी तेवढीच असते.

रेलिंगचं सांगते, कारण ते करायला मला आजही सगळ्यात जास्त आवडतं. खऱ्या रेलिंगला साधारण दर १० सेंटिमीटरवर एक गज असतो. १:२०० ला म्हणजे दर अर्ध्या मिलिमीटरवर एक. तेवढे सगळे गज दाखवले तर दोन हात लांबून पट्टी नुसती मळकट दिसते. म्हणून पारदर्शक शीटवरची संरक्षक फिल्म न काढता लेझरने उभ्या रेघा कोरायच्या, तीन गजांमागे एक. वर करडा रंग मारायचा. रंग वाळला की नखाने फिल्मचं टोक उचलून ती हळूच सोलायची. रंग फक्त रेघांत राहतो आणि एकदम रेलिंग दिसायला लागतं. तीनातले दोन गज मी गाळलेले असतात, ते बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

रंगाचंही तसंच. इमारतीला जो रंग लागणार त्याच डब्यातला रंग मॉडेलला मारला तर मॉडेल काळपट दिसतं. खरी इमारत आपण लांबून बघतो, मधल्या हवेने तिचा रंग फिका झालेला असतो. म्हणून आम्ही त्यात पांढरा मिसळतो. किती, ते मोजून ठरत नाही. तुकडा रंगवून, वाळवून, खिडकीच्या उजेडात धरून ठरवावं लागतं.

मजबुतीबद्दलही विचारतात: मॉडेल इतकं भक्कम उभं आहे, म्हणजे इमारतही उभी राहील ना? याचा एकमेकांशी संबंध नाही. लांबी १०० पटीने कमी केली की खांबाचा छेद, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, १०,००० पटीने कमी होतो आणि वजन १० लाख पटीने. म्हणजे ताकदीच्या मानाने लहान वस्तूला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. पण लटकत्या साखळीचा आकार मात्र लहान-मोठं केल्याने बदलत नाही. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी स्थापत्यकार गौदीने दोऱ्या टांगल्या, त्यांना छऱ्यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या आणि तो लोंबता आकार उलटा करून कमानींचे आकार शोधले. कित्येक वर्षं त्या कामात गेली. माझ्या मते इतकं खरं बोलणारं मॉडेल क्वचितच कुणी केलं असेल, आणि ते इमारतीसारखं दिसतही नव्हतं.

म्हणजे आमचं निम्मं काम गाळण्याचं आहे. पण काय गाळायचं नाही, हे मला पाट्यांच्या कामाने शिकवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये ॲक्रिलिकची अक्षरंही कापली जातात. देवनागरी कापायला फार सोयीची, कारण शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, भिंतीवर सरळ बसतो. सुटा पडतो तो बहुतेक वेळा एकच तुकडा, अनुस्वार. लेझरच्या जाळीतून तो खाली कचऱ्यात जातो. एकदा 'वंदन' नावाच्या बंगल्याची पाटी अशीच पॅक झाली होती. टिंबाशिवाय ते 'वदन' होतं, म्हणजे तोंड. आम्ही रात्री मशीनखालचा ट्रे उपसून ते टिंब शोधलं. सगळ्या पाटीतला सगळ्यात लहान तुकडा, पण तो गाळायचा अधिकार आम्हाला नाही.

आणि तरीही मी एकदा त्याहून खूप मोठं काही गाळलं होतं.

पुण्यातल्या एका सोसायटीचा पुनर्विकास होता. बिल्डरने सांगितलं, "फक्त आपला प्लॉट करा. बाहेर कंपाउंड वॉलपर्यंत हिरवळ दाखवून थांबा." साइटवर फोटो काढायला गेले तेव्हा दक्षिणेच्या प्लॉटवर कॉलम वर येताना मी पाहिले होते. तरी सांगितल्याप्रमाणे तिथे हिरवं फ्लॉकिंग (गवतासारखा दिसणारा बारीक भुगा) पसरलं, दोन गुलमोहर लावले. तांब्याच्या तारेला पीळ देऊन, मिक्सरमध्ये बारीक केलेला स्पंज चिकटवून केलेले, फार सुंदर झाले होते ते. सभेत सगळे खूश. काही वर्षांनी त्या सोसायटीत दुसऱ्या कामासाठी गेले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला ओळखलं. त्यांनी खिडकी उघडून दाखवली. समोर भिंत. "तुझ्या त्यात इथे गुलमोहर होता गं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रेलिंगचे गज गाळले तर बघणाऱ्याला रेलिंग नीट दिसतं. शेजारची इमारत गाळली तर त्याला त्याचं घरच चुकीचं दिसतं. तेव्हापासून शेजारच्या इमारती मी करतेच. साधे पांढरे ठोकळे, खिडक्या नाहीत, रंग नाही, पण उंची आणि अंतर मोजलेलं. त्याचे पैसे लावत नाही. नको म्हटलं तर काम घेत नाही. दोन कामं त्यामुळे गेली.

मध्यंतरी अशाच एका सोसायटीच्या सभेत मॉडेल ठेवलं होतं. दक्षिणेला ४५ मीटर उंच शेजारची इमारत, मधे २० मीटरचं अंतर. म्हणजे टेबलावर साडेबावीस सेंटिमीटरचा पांढरा ठोकळा आणि १० सेंटिमीटरची फट. मी दिवे घालवायला सांगितले आणि टॉर्च लांबून, दक्षिणेकडून ४८ अंशांवर धरला. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य तेवढाच वर येतो. ठोकळ्याची सावली सातव्या मजल्याच्या मध्यावर येऊन थांबली. खाली सगळा काळोख. खोलीत कुणी बोललं नाही.

मग एक बाई पुढे आल्या. "आमचा चौथा मजला, पूर्वेचा कोपरा. सकाळी दहाला काय होतं, दाखवाल? नातवाला तेल लावून उन्हात घ्यायचं असतं."

मी टॉर्च आग्नेयेला नेला, खाली आणला. ठोकळ्याच्या कडेवरून उजेडाची एक उभी पट्टी आत शिरली आणि त्यांच्या बाल्कनीवर पडली. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

"इथे चटई मावेल?"

मी स्केलपट्टी लावली. १२ मिलिमीटर. म्हणजे दोन मीटर चाळीस.

"मावेल," म्हटलं, आणि टॉर्च हळूहळू दक्षिणेकडे सरकवत राहिले, पट्टी त्यांच्या बोटावरून निघून जाईपर्यंत. "पण अकराच्या आत उचलावी लागेल."